डाल्टनचे डोळे

जॉन डाल्टन म्हटलं की आपल्याला अकरावीची केमिस्ट्री आणि अणुसिद्धान्त आठवतो. पण मला हा माणूस आवडतो तो त्याच्या डोळ्यांमुळे. कारण मलाही लाल-हिरव्यातला फरक धड कळत नाही. लॅबमध्ये रेझिस्टरचे पट्टे वाचायची वेळ आली की मी सरळ मल्टिमीटर काढतो.

१७६६ साली इंग्लंडमधल्या ईगल्सफील्ड या खेड्यात, विणकराच्या घरी डाल्टन जन्मला. बाराव्या वर्षी पठ्ठ्या शाळेत शिकवायला लागला! (आपण तेव्हा काय करत होतो ते विचारू नका.) १७८७ पासून हवामानाच्या नोंदी सुरू केल्या त्या मरेपर्यंत. पुढे १७९३ मध्ये मँचेस्टरला आला.

त्याच्या आदल्याच वर्षी त्याने मेणबत्तीच्या उजेडात जिरेनियमचं फूल पाहिलं. दिवसा त्याला आकाशी दिसणारं ते फूल आता चक्क लाल! लोकांना ते गुलाबीच दिसत होतं. त्याच्यासारखं दिसलं ते फक्त त्याच्या भावाला. रंगांची नावं आपण लहानपणी इतरांकडून शिकतो, त्यामुळे आपल्याला वेगळं दिसतंय हे कळायला एवढ्या हुशार माणसालाही २६ वर्षं लागली. लॉरेलचं हिरवं पान आणि पाकिटं सील करायची लाल लाख त्याला जवळपास एकाच रंगाची दिसायची. १७९४ मध्ये त्याने यावर निबंध वाचला. त्याचा तर्क असा, की आपल्या डोळ्यातला द्रव निळा असावा आणि तो लाल प्रकाश शोषत असावा. मेल्यावर डोळे तपासून बघा, असंही त्याने सांगून ठेवलं. हे धाडस मला अणुसिद्धान्ताहून मोठं वाटतं.

२७ जुलै १८४४ ला तो गेला. डॉक्टर रॅन्सम यांनी एक डोळा उघडला, तर द्रव अगदी स्वच्छ. दुसऱ्या डोळ्याला मागून भोक पाडून त्यातून पाहिलं, तरी लाल-हिरवं जसंच्या तसं. तर्क साफ चुकला. पण नशीब, डोळे कुणी फेकले नाहीत.

१९९५ मध्ये त्यांतल्या डीएनएची तपासणी झाली. आपल्या डोळ्यात सहसा तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात आणि त्यांच्या संदेशांची तुलना करून रंग ठरतो, तो मेंदूपर्यंतच्या वाटेवर आणि मेंदूत. डाल्टनकडे मधल्या प्रकारच्या पेशींना लागणारं जनुकच नव्हतं. आशिया-आफ्रिकेतल्या माकडांकडे तिन्ही प्रकार असतात, आणि या महान शास्त्रज्ञाकडे दोनच!

फ्रेंच लोक रंगांधळेपणाला आजही डाल्टोनिझम म्हणतात.