बेगम रुकैया : शाळेत न गेलेली शिक्षिका



मुलीला दहावीनंतर पुढे शिकवावे की नाही, हा प्रश्न तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी निघाला असेल. एके काळी मुलींना अक्षर शिकवावे की नाही, इथूनच वाद होता. त्या काळी बंगालमधील ज्या बाईंनी मुलींच्या तालीमसाठी सारे आयुष्य वेचले, त्या बेगम रुकैया सखावत हुसेन यांचा हा अल्प परिचय.

रुकैयांचा जन्म ९ डिसेंबर १८८० रोजी रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद गावी एका जमीनदार घराण्यात झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. घरी कशाची ददात नव्हती. परंतु मुलींचे शिक्षण कुराणपठण आणि थोडेसे उर्दू एवढ्यावरच थांबे. बंगाली आणि इंग्रजी त्यांना वर्ज्य होते. थोरले बंधू इब्राहिम साबेर रात्री सर्व मंडळी झोपल्यावर दिव्याच्या उजेडात बहिणीला इंग्रजी शिकवीत. मोठी बहीण करीमुन्निसा हिने बंगालीची गोडी लावली. शाळेची पायरी मात्र रुकैया कधीच चढल्या नाहीत, हे ध्यानात ठेवा.

त्यांचे पती सय्यद सखावत हुसेन भागलपूरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. ते वयाने बरेच मोठे, पण उदार विचारांचे होते. त्यांच्या प्रोत्साहनाने रुकैया लिहू लागल्या. १९०५ साली त्यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा मद्रासच्या एका मासिकात छापून आली. मुलींच्या शाळेसाठी पतीने दहा हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते. रुकैयांना दोन मुली झाल्या. दोन्ही तान्हेपणीच दगावल्या. मे १९०९ मध्ये पतीचेही निधन झाले.

अशा दुःखात दुसरे कोणी खचून गेले असते. रुकैयांनी त्याच वर्षी १ ऑक्टोबरला भागलपुरात पाच मुली घेऊन शाळा उघडली. पुढे मालमत्तेवरून घरात वाद झाला व त्यांना भागलपूर सोडावे लागले. १६ मार्च १९११ रोजी कलकत्त्याच्या वलीउल्ला गल्लीत आठ मुलींवर शाळा पुन्हा सुरू झाली. वर्ग कसा चालवतात हे ठाऊक नव्हते, म्हणून त्या इतर शाळांत जाऊन पाहून आल्या. घरोघर फिरून त्यांनी आईबापांच्या विनवण्या केल्या. शिक्षिका मिळेनात, तेव्हा मद्रास, गया, आग्रा येथून आणविल्या.

मुलींना ने-आण करण्यासाठी गाडी आली, तीही चहूबाजूंनी बंद. उकाड्याने आणि अंधाराने मुली आत बेशुद्ध पडू लागल्या. खिडक्या उघडून पडदे लावले, तर पडदे वाऱ्याने उडतात अशा तक्रारींची पत्रे आली! बाईंना अतिरेकी गोषा मान्य नव्हता, त्याविरुद्ध त्यांनी निर्भीडपणे लिहिले. तरी शाळेपुरती पालकांची मर्जी सांभाळली. मुलगी वर्गात पोहोचली पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट होता.

त्या हट्टाचे फळ पाहा. १९१५ साली शाळेत ८४ मुली होत्या. १९३० पर्यंत तिचे हायस्कूल झाले. भाषांबरोबर शिवण, स्वयंपाक, रुग्णसेवा आणि व्यायामही शिकवला जाई. गरीब व विधवा स्त्रियांच्या मदतीसाठी १९१६ मध्ये त्यांनी 'अंजुमन-ए-ख्वातीन-ए-इस्लाम' ही संस्था स्थापन केली.

९ डिसेंबर १९३२ रोजी, आपल्या जन्मदिनीच, त्या अल्लाहला प्याऱ्या झाल्या. स्त्रियांच्या हक्कांवरील लेख टेबलावर अपुरा राहिला. त्यांना आजी म्हणून बिलगणारे नातवंड नव्हते; परंतु कोलकात्याची सखावत मेमोरियल शाळा आजही मुलींनी गजबजलेली असते. बांगलादेशात ९ डिसेंबर हा 'रुकैया दिन' म्हणून पाळतात.

पालकांनो, मुलीची शाळा सोडविण्याचा विचार मनात आला, तर वलीउल्ला गल्लीतील त्या आठ मुली आठवा. त्यांच्याही बापांना लोकांची भीती होतीच. तरी त्यांनी मुली पाठविल्या. आणि मुलींनो, रात्री दिव्याखाली पुस्तक उघडाल तेव्हा, लपून शिकलेल्या या बाईंसाठी एक दुआ जरूर करा.