बाटली अर्धी का असते?

आधीच सांगतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांच्या भरवशावर!

गेल्या सुट्टीत मी आणि माझ्या रूममेटने हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये त्याची सेकंडहँड बाईक खोलली. पुढचं चाक, डिस्क, कॅलिपर, सगळं. जोडलीसुद्धा. मेकॅनिकलची पोरं म्हटल्यावर छाती फुगलेलीच होती. दोन आठवड्यांनी घाट उतरताना पुढून खडखड ऐकू आली. थांबून बघतो तर कॅलिपरच्या दोन बोल्टपैकी एक गायब आणि दुसरा नुसत्या बोटांनी फिरतोय! पाच मिनिटं दोघंही काही बोललो नाही. एका बाजूला दरी होती.

गाडी ढकलत खाली आणली. गॅरेजवाल्या काकांनी एकच प्रश्न विचारला, बोल्टला लॉकटाइट लावलं होतं का. नव्हतं. मग मी निळ्या लॉकटाइटची छोटी बाटली विकत घेतली, ती जेमतेम अर्धी भरलेली! दुकानदाराशी भांडलो. तो हसला, अशीच येते म्हणाला. मला वाटलं, चुना लावला. पण नंतर ह्या बाटलीच्या जनकाची माहिती शोधली आणि माझीच मला लाज वाटली.

त्यांचं नाव व्हर्नन क्रीबल. जन्म १८८५, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात. कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठात डॉक्टरेट, आणि १९२० पासून हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये केमिस्ट्रीचे प्राध्यापक. पुढची तीसेक वर्षं शिकवण्यातच गेली. तोपर्यंत त्यांचं नाव कुठल्याही गॅरेजमध्ये कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

त्यांचा मुलगा रॉबर्ट, तोही केमिस्ट, जनरल इलेक्ट्रिकमध्ये होता. त्या कंपनीत एक विचित्र द्रव सापडला होता. हवा मिळत असेल तोपर्यंत पातळ, हवा तुटली की दगड! साठवायचा तर त्यातून सतत हवेचे बुडबुडे सोडत राहावं लागे. असला माल कोण विकणार? कंपनीला त्यात फारसा रस उरला नव्हता. मुलाने वडिलांच्या कानावर घातलं.

क्रीबल सरांनी कॉलेजच्या लॅबमध्येच काम सुरू केलं. १९५३ साली त्यांना गुपित सापडलं, तेव्हा वय सदुसष्टच्या पुढे. (आमच्याकडे ह्या वयात लोक सकाळी फिरायला जातात.) मेथॅक्रिलेट जातीच्या द्रवात हायड्रोपेरॉक्साइड योग्य प्रमाणात घातलं, की बुडबुड्यांची गरज संपते. बाटलीतली हवाच पुरते. त्या हवेतला ऑक्सिजन रेणूंची साखळी वाढूच देत नाही. तेच दोन थेंब बोल्टच्या आट्यांमध्ये गेले की हवा कोंडली जाते, लोखंडाचा किंवा तांब्याचा अंश पेरॉक्साइडला चेतवतो आणि द्रवाचं कडक प्लॅस्टिक होतं. आट्यांमधली बारीक फट भरून निघते. मग गाडी कितीही थरथरली तरी बोल्टला सरकायला जागा नाही.

म्हणून बाटली अर्धी! आणि प्लॅस्टिकसुद्धा असं, की बाहेरचा ऑक्सिजन थोडा थोडा आत झिरपत राहतो. गच्च भरून दिली असती तर आतच गोठली असती.

ज्या दोषामुळे तो द्रव नकोसा झाला होता, तोच सरांनी त्याचा धंदा केला. अमेरिकन सीलंट्स नावाची कंपनी काढली. लॉकटाइट हे नाव सुनेने, म्हणजे नॅन्सीने सुचवलं. जुलै १९५६ मध्ये न्यूयॉर्कला ते पत्रकारांपुढे मांडलं. तोवर बराच भरवसा स्प्रिंग वॉशरवर होता, आणि आडव्या थरथरीपुढे तो फार टिकत नाही. मुलगा नोकरी सोडून कंपनीत आला. १९६३ मध्ये कंपनीचंच नाव लॉकटाइट झालं. १९६४ मध्ये सर गेले. पुढे १९९७ मध्ये जर्मनीच्या हेंकेलने ती विकत घेतली, पण ते जाऊ दे.

आम्ही नवा बोल्ट आणला. ह्या वेळी आटे ब्रशने घासले, तेलाचा अंशही ठेवला नाही, कारण तेलावर हे नीट धरत नाही. निळंच लावलं. लाल लावलं तर पुढच्या वेळी साधारण अडीचशे अंशांपर्यंत तापवल्याशिवाय बोल्ट सुटत नाही, आणि ब्रेकजवळ गॅसची ज्योत कोण नेणार! प्रत्येकी दोन थेंब. प्लॅस्टिकच्या भागांना लागू दिलं नाही, काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात. वर्कशॉपमधून टॉर्क रेंच मागून आणला आणि मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच ताण दिला.

पूर्ण घट्ट व्हायला चोवीस तास. रूममेटला त्याच संध्याकाळी चहाला गाडीवरून जायचं होतं. चालतच गेलो. किल्ली माझ्या खिशात होती.