रमाबाई रानडे

रमाबाई रानडे (१८६२–१९२४) या समाजकार्यकर्त्या, मराठी आत्मचरित्रकार आणि पुणे सेवासदनाच्या संस्थापक होत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या त्या पत्नी.

आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे कुर्लेकर घराण्यात त्यांचा जन्म झाला. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह झाला. तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. ती पतीने करून दिली. पुढे त्या इंग्रजी शिकू लागल्या, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष त्यांना दीर्घकाळ सोसावा लागला. त्यांनी शिक्षण सोडले नाही आणि वडीलधाऱ्यांशी वादही घातला नाही. हा संयम त्यांच्या पुढील कार्यातही दिसतो. १८८२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आर्य महिला समाजामुळे पंडिता रमाबाईंशी त्यांचा निकटचा परिचय झाला.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले. त्यानंतर सुमारे वर्षभर त्या एकांतात राहिल्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, त्याचे अध्यक्षपद रमाबाईंनी स्वीकारले.

२ ऑक्टोबर १९०९ रोजी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले, तेही आपल्या राहत्या घरातच. यातील मर्म समजण्यासाठी जुन्या वाड्याची रचना ध्यानात घ्यावी. ओसरी व दिवाणखाना पुरुषांचा. माजघर, स्वयंपाकघर आणि मागील दार स्त्रियांचे. विधवेच्या वाट्याला तर बहुधा एखादा कोपराच येई. अशा काळात एका विधवेने आपले घर परक्या स्त्रियांना शिकण्यासाठी खुले केले. प्रौढ स्त्रियांना अक्षरज्ञान, शिवणकाम आणि प्रथमोपचार शिकवले जात. विधवेला घराबाहेर एकटीने राहणे कठीण होते. म्हणून शिक्षणाइतकीच निवाऱ्याची गरज होती. संस्थेचा विस्तार होत गेला, तसे शिक्षिकांचे प्रशिक्षण महाविद्यालय आणि परिचर्या व वैद्यक शिकणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृहे निघाली. परिचारिकेचा व्यवसाय त्या काळी कुलीन घरांत कमी प्रतीचा मानला जाई. त्यामुळे तरुण विधवांना त्याकडे वळवणे हे सेवासदनाचे सर्वांत धाडसी काम म्हणावे लागेल.

१९१० मध्ये त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. येरवडा कारागृहातील स्त्री-कैद्यांना त्या नियमित भेटत. मुलींचे सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणि स्त्रियांचा मताधिकार यांसाठीही त्यांनी चळवळ केली. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने १९६२ मध्ये त्यांचे तिकीट काढले.