धागा तुटताच थांबणारा माग

जपानमधील आजच्या शिझुओका प्रांतातील एका खेड्यात १४ फेब्रुवारी १८६७ रोजी साकिची तोयोदा यांचा जन्म झाला. वडील सुतार; साकिचीही तेच काम शिकले. परंतु हातमागावर राबणाऱ्या गावातील स्त्रियांचे कष्ट पाहून त्यांचे चित्त मागाकडे वळले. १८९१ मध्ये त्यांना सुधारित लाकडी हातमागाचे पेटंट मिळाले आणि १८९६ मध्ये त्यांनी यंत्रमाग सिद्ध केला.

यंत्रमागाच्या वेगाबरोबर दोषही वाढतो. आडवा धागा तुटला तरी माग चालत राहिला, तर कोणाच्या लक्षात येईपर्यंत कित्येक हात कापड सदोष विणले जाते. तपासणीत ते बाजूला काढता येते. वाया गेलेले सूत आणि श्रम मात्र परत मिळत नाहीत. म्हणून धागा तुटताच माग आपोआप थांबेल, अशी योजना साकिचींनी यंत्रातच केली.

पुत्र किइचिरो यांच्या साहाय्याने १९२४ मध्ये त्यांनी स्वयंचलित माग पूर्णत्वास नेला. त्यात माग न थांबता धोटा बदलला जाई. अखंड पहाऱ्यातून सुटलेला एक कामगार आता अनेक माग सांभाळू शकत होता. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे पेटंट हक्क घेतले.

३० ऑक्टोबर १९३० रोजी साकिचींचे निधन झाले. किइचिरोंनी उभारलेल्या टोयोटाच्या मोटार कारखान्यांत पुढे तेच तत्त्व रुजले. दोष दिसताच तेथील साधा कामगारही दोरी ओढून काम थांबवू शकतो, आणि कारण शोधूनच दोष दूर केला जातो.