प्रपंचातील परमार्थ : श्रीब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराज

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस, दहिवडीहून म्हसवडकडे जाणाऱ्या मार्गावर, माण तालुक्यात गोंदवले बुद्रुक हे क्षेत्र वसलेले आहे. हा माणदेश, येथे पाऊस बेताचा आणि दुष्काळ पाचवीला पुजलेला. याच गावी, कुलकर्णीपद सांभाळणाऱ्या घुगरदरे घराण्यात, माघ शुद्ध द्वादशी, शके १७६६, म्हणजेच १९ फेब्रुवारी १८४५ रोजी, बुधवारी श्रीमहाराजांचा जन्म झाला. पित्याचे नाव रावजी, मातेचे गीताबाई. बाळाचे नाव गणपती ठेवण्यात आले. आजोबा लिंगोपंत हे पंढरीचे निष्ठावंत उपासक असल्याने भक्तीचे बाळकडू घरातच मिळाले.

बालवयातच सद्गुरूंच्या शोधार्थ गणपतीने घर सोडले. पहिल्या वेळी घरच्यांनी शोधून परत आणले व अकराव्या वर्षी सरस्वतीबाईंशी विवाह लावून दिला. तरीही ओढ शमली नाही. पुन्हा निघून, अनेक संतमहात्म्यांची भेट घेत घेत ते मराठवाड्यातील येहळेगाव येथे श्रीतुकामाईंच्या चरणी पोहोचले. तुकामाईंनी कठोर कसोटी पाहून अनुग्रह दिला, ब्रह्मचैतन्य हे नाव ठेवले आणि प्रपंचात राहून लोकांना रामनामाला लावण्याची आज्ञा केली. पुढील सर्व आयुष्य म्हणजे या एका आज्ञेचे पालन होय.

ही आज्ञा वाटते तितकी सोपी नव्हती. संन्यास घेणाऱ्याला संसाराचे दुःख दुरून पाहता येते. श्रीमहाराजांना ते घरात सोसावे लागले. त्यांचे अपत्य अल्पायुषी ठरले आणि पाठोपाठ सरस्वतीबाईही निवर्तल्या. मातेने दुसऱ्या विवाहाचा आग्रह धरला, तेव्हा मुलगी आपण स्वतः पसंत करू, एवढ्याच अटीवर त्यांनी तो मानला. त्यानंतर ते सध्याच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी येथे गेले. तेथील देशपांडे घराण्यातील एक कन्या अंध होती व तिच्या विवाहाची चिंता पित्याला ग्रासून होती. श्रीमहाराजांनी तिचाच पत्नी म्हणून स्वीकार केला. याच पुढे भक्तमंडळींच्या आईसाहेब झाल्या. चरित्रात अद्भुत कथा पुष्कळ आहेत. परंतु आटपाडीच्या या विवाहापुढे त्या फिक्या वाटतात.

मातेवर त्यांची निस्सीम भक्ती होती. तिच्या वृद्धापकाळी तिला काशीयात्रेस नेण्याचे ठरले, तेव्हा निघण्यापूर्वी त्यांनी घरातील चीजवस्तू लोकांना वाटून टाकली. या यात्रेतच अयोध्या येथे गीताबाईंनी देह ठेवला.

गोंदवल्यास येणारा मनुष्य बहुधा ब्रह्मज्ञान मागण्यास येत नसे. कोणाचे कर्ज फिटत नसे, कोणाचा मुलगा दगावलेला असे, कोणाला नोकरीचा कंटाळा येऊन वैराग्याची हुक्की आलेली असे. श्रीमहाराज प्रत्येकाशी त्याच्याच घरगुती भाषेत बोलत. नोकरी सोडू पाहणाऱ्यास ते ती सोडू देत नसत. कर्तव्य चोख करावे, मात्र कर्तेपण रामाकडे द्यावे, असे समजावीत. देवाचे करूनही दुःख का येते, हा प्रश्न त्यांना वारंवार विचारला जाई. नामाने प्रारब्ध टळेलच, असे आश्वासन त्यांनी दिले नाही. दुःख आले तरी समाधान ढळू नये यासाठी नाम आहे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय असे. स्वतःच्या घरात मृत्यू पाहिलेल्या पुरुषाच्या मुखातून हे येत असल्याने ऐकणाऱ्यास ते पटे. कर्नाटकातील शास्त्रसंपन्न पंडित श्रीब्रह्मानंद महाराज हेही वादविवाद बाजूला ठेवून याच नामाला लागले व त्यांचे पट्टशिष्य झाले.

नामासाठी त्यांनी त्रयोदशाक्षरी राममंत्र दिला. सज्जनगडावर विसावलेल्या श्रीसमर्थांचाही हाच मंत्र. गोंदवल्यात थोरले व धाकटे अशी दोन राममंदिरे उभी राहिली. अन्य गावांतूनही त्यांनी राममंदिरे स्थापन केली. मात्र उपाशी माणसाला आधी जेवू घालावे, असा त्यांचा शिरस्ता होता. दुष्काळात स्वतःच्या शेतावर कामे काढून त्यांनी लोकांना अन्न दिले. फुकटचे खाल्ल्याची खंत कोणाच्या मनास राहू नये, हाही त्यामागे हेतू असावा. कसायाच्या हाती जाणाऱ्या गाई विकत घेऊन त्यांनी गोशाळा चालविली. आजही येथे येणाऱ्या प्रत्येकास महाप्रसाद मिळतो.

अखेरच्या वर्षांत दम्याच्या विकाराने त्यांचा देह जर्जर झाला होता; तरी भेटीस आलेल्याशी बोलणे त्यांनी थांबविले नाही. मार्गशीर्ष वद्य दशमी, शके १८३५, सोमवार, २२ डिसेंबर १९१३ रोजी पहाटे त्यांनी गोंदवल्यातच देह ठेवला. समाधीवर श्रीगोपाळकृष्णाची मूर्ती असून, मार्गशीर्ष वद्य प्रतिपदेपासून दशमीपर्यंत येथे पुण्यतिथी उत्सव साजरा होतो.