हुतात्मा दामोदरपंत चापेकर : एक पुण्यस्मरण

कासारवाडीहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने पिंपरी मागे टाकले की चिंचवड येते. श्रीमोरया गोसावींच्या समाधीने पावन झालेल्या या गावीच चापेकरांचा वाडा आहे. ज्या घराण्याने अवघ्या तेरा महिन्यांच्या आत तीन पुत्र फाशी गेलेले पाहिले, त्यातील ज्येष्ठ पुत्राचे चरित्र ज्ञातिबांधवांसमोर संक्षेपाने ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

दामोदरपंतांचा जन्म १८६९ साली झाला. आजोबा विनायकराव यांच्या काळी घरात सुबत्ता होती. पुढे व्यापारात ठोकर बसली आणि ऐश्वर्य ओसरले. वडील हरिपंतांनी कीर्तनाचा मार्ग धरला. साथीला वादक ठेवण्याची ऐपत नव्हती, म्हणून दामोदर, बाळकृष्ण व वासुदेव ही मुलेच साथ करू लागली. गावोगावच्या या भ्रमंतीमुळे शालेय शिक्षण अपुरे राहिले. परंतु पुराणकथांतील पराक्रमाचे वेड मात्र मनात खोल रुजले. सैन्यात भरती होण्याची दामोदरपंतांची इच्छा सरकारी धोरणामुळे फलद्रूप झाली नाही, आणि त्यांच्या मनात जी अढी बसली ती अखेरपर्यंत गेली नाही.

१८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने थैमान मांडले. बंदोबस्तासाठी नेमलेल्या प्लेग कमिटीचे प्रमुख सनदी अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड होते. साथ रोखणे अवश्य होते, हे आज कोणीही मान्य करील. परंतु गोरे शिपाई थेट माजघरात, देवघरात शिरू लागले, स्त्रीपुरुषांची तपासणी होऊ लागली आणि निरोग्यांनाही छावण्यांत नेऊ लागले, तेव्हा रोगापेक्षा उपायाचीच दहशत अधिक झाली.

२२ जून १८९७ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव गणेशखिंडीतील सरकारी प्रासादात साजरा झाला. रात्री परतणाऱ्या रँडसाहेबांवर दामोदरपंतांनी गोळी झाडली. मागील गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट बाळकृष्णपंतांच्या गोळीने गतप्राण झाले. रँड ३ जुलैला मरण पावले. सरकारने वीस हजार रुपयांचे बक्षीस लाविले आणि द्रविड बंधूंनी माहिती दिली. १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यास दामोदरपंत भगवद्गीता हाती घेऊन फासावर चढले. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठावीस होते.

एवढ्यावर हे प्रकरण संपले नाही. ८ फेब्रुवारी १८९९ रोजी वासुदेवराव व त्यांचे मित्र महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना गोळ्या घातल्या. त्याच वर्षी ८ मे रोजी वासुदेवराव, १० मे रोजी रानडे आणि १२ मे रोजी, निजामाच्या मुलुखात भूमिगत राहून अखेर पकडले गेलेले बाळकृष्णपंत फाशी गेले.

चरित्र लिहिताना केवळ गुणगान करावे, हे आम्हास उचित वाटत नाही. दामोदरपंतांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तावरून त्यांची मते कर्मठ होती हे उघड होते. सुधारकांविषयी त्यांना तीव्र तिटकारा होता आणि त्यांना शारीरिक उपद्रव देण्यासही ते मागेपुढे पाहत नसत. ही मते आज आपण स्वीकारू शकत नाही. तसेच त्यांना पकडून देणारे कोणी सातासमुद्रापलीकडचे नव्हते. याच पुण्यातले, त्यांच्या परिचयातलेच होते. शौर्य आणि फितुरी दोन्ही एकाच वस्तीत वाढतात. म्हणून हुतात्म्याच्या नावावर आपल्या ज्ञातीने मोठेपणा मिरवू नये, असे आमचे नम्र मत आहे. तो ठेवा सर्व देशाचा आहे.

आमच्या मनात मात्र वारंवार येतो तो चिंचवडचा वाडा. ज्या हरिपंतांच्या मागे तीन मुले साथीला उभी राहत, ते कीर्तन आता निःशब्द झाले. घरात वृद्ध आईबाप आणि तरुण सुना मागे राहिल्या. त्यांच्या वाट्याला ना खटला आला, ना कीर्ती. आले ते केवळ आयुष्यभराचे सोसणे. चापेकर चौकातील पुतळ्यास वंदन करताना आपल्या मुलाबाळांना त्या माउल्यांविषयीही दोन शब्द सांगावेत. आपापल्या घरातही कोणी वृद्ध स्त्री असेच काही मुकाट्याने सोसून बसलेली असेल. तिच्याजवळ क्षणभर बसून तिची हकिगत ऐकावी, एवढीच ज्ञातिबांधवांस आमची सादर विनंती आहे.