मिळकतीची शिक्षा : जेकोबस टेनब्रूक यांचा लढा

सरकारी मदत हवी असेल तर आधी आपण निर्धन असल्याचे सिद्ध करा, हा नियम वरवर पाहता रास्तच वाटतो. त्यातील मेख जेकोबस टेनब्रूक यांनी ओळखली आणि आयुष्याची जवळजवळ तीन दशके तिच्याशी झुंज दिली.

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात १९११ साली त्यांचा जन्म झाला. सातव्या वर्षी खेळताना डोळ्याला बाण लागला आणि चौदाव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्णपणे गेली. मुलाला अंधशाळेत घालता यावे म्हणून कुटुंब कॅलिफोर्नियातील बर्कलीला आले. तेथे न्यूएल पेरी हे अंध गणितज्ञ त्यांना गुरू म्हणून लाभले. टेनब्रूक यांनी बर्कली विद्यापीठातून कायद्याची डॉक्टरेट मिळवली आणि १९४२ पासून तेथेच अध्यापन केले.

१९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने गरजू अंधांसाठी राज्यांना केंद्राचे अनुदान सुरू झाले होते. मात्र १९३९च्या दुरुस्तीने अर्जदाराचे प्रत्येक उत्पन्न आणि मालमत्ता हिशेबात धरणे राज्यांना बंधनकारक केले. परिणाम विचित्र होता. अंध माणसाने खुर्च्या विणून महिन्याला दहा डॉलर मिळवले, की मदतीतून तेवढेच दहा डॉलर कापले जात. श्रम त्याचे आणि लाभ सरकारी तिजोरीचा! कमावण्याची उमेद मारण्याचा याहून खात्रीचा उपाय शोधूनही सापडला नसता.

नोव्हेंबर १९४० मध्ये पेनसिल्व्हेनियातील विल्क्स-बॅरी येथे सात राज्यांतील अंध प्रतिनिधी जमले आणि राष्ट्रीय अंध महासंघ स्थापन झाला. टेनब्रूक त्याचे पहिले अध्यक्ष. अंधांच्या वतीने इतरांनी बोलण्याऐवजी अंधांनी स्वतः बोलावे, हा त्यांचा आग्रह होता. दहा वर्षांनी, १९५०च्या दुरुस्तीत, अंधांच्या कमाईतील दरमहा पहिले ५० डॉलर हिशेबातून वगळण्यात आले. त्याच वर्षी ते कॅलिफोर्नियाच्या समाजकल्याण मंडळाचे सदस्य झाले आणि पुढे अध्यक्षही. ज्या यंत्रणेवर त्यांनी टीका केली, तिचाच कारभार आता त्यांच्या हाती होता. टीका मात्र थांबली नाही. १९५९ साली फ्लॉइड मॅट्सन यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी या साऱ्या व्यवस्थेची चिरफाड केली.

१९६८ साली त्यांचे निधन झाले. राज्याराज्यांतील वेगवेगळ्या योजनांच्या जागी १९७४ मध्ये आलेली 'सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम' ही केंद्रीय योजना त्यांना पाहता आली नाही. तिच्यात कमाईचे पहिले ६५ डॉलर आणि उरलेल्या रकमेचा अर्धा भाग सोडून दिला जातो, आणि ही सवलत केवळ अंधांनाच नव्हे, इतर दिव्यांगांनाही आहे. ज्यांच्या घरी दिव्यांग अपत्य आहे, त्या आपल्यातील अनेकांना या योजनेचा आणखी एक नियम ठाऊक असेल : अपत्य अठरा वर्षांचे होईपर्यंत सोबत राहणाऱ्या आईवडिलांचे उत्पन्नही पात्रतेसाठी धरले जाते.

बचतीची बाजू मात्र फारशी सुटलेली नाही. एकट्या व्यक्तीसाठी मालमत्तेची मर्यादा १९८९ पासून २००० डॉलरवरच थबकली आहे.